शेवटची चावी

सूचना फलकावर मी खडूनं लिहिलं होतं: 'खुला डेटा. इयत्ता नववी-दहावी. शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे.' शाळा सुटली आणि संगणक कक्षाच्या दारात अशी झुंबड उडाली की शिपाई धावत आला. ज्यांना बोलावलंच नव्हतं ती सातवी-आठवीची पोरंही हजर. शाळेत मोबाईलला बंदी. पण दप्तराच्या तळातून, डब्याच्या पिशवीतून, एकाच्या तर मोज्यातून मोबाईल बाहेर आले होते. आमच्या शाळेत एवढे मोबाईल आहेत हे मला त्या दिवशी कळलं. पुढे उभ्या असलेल्या एकानं अदबीनं विचारलं, "बाई, पासवर्ड काय आहे?"

आमच्याकडे डेटा म्हणजे रिचार्ज मारल्यावर मिळतो आणि ऐन वेळी संपतो तो. खुला डेटा म्हणजे शाळेनं फुकट वायफाय सुरू केलं, असा त्यांनी सरळ अर्थ लावला होता. मी खरा अर्थ सांगितल्यावर दार हळूहळू मोकळं झालं. पाच-सहा जण उरले. ते का उरले याबद्दल मी स्वतःची फार समजूत करून घेत नाही. संगणक कक्षाला एसी होता आणि उरलेल्या शाळेला नव्हता.

मी गणिताची बाई. लालबाग आणि घोडपदेव यांच्या मधे असलेल्या एका मराठी शाळेत माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त होऊन दादरला लेकीकडे असते आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गुडघ्यांना ऊन दाखवते. तिथे कुणी विचारलं, शेवटची वर्षं कशी गेली, तर 'दमले' एवढंच सांगते. शिकवून माणूस दमत नाही. शिकवण्याच्या आजूबाजूला जे चालतं त्यानं दमतो. मतदारयाद्या, खिचडीचा तांदूळ, रोज कुठे ना कुठे भरायची ऑनलाइन माहिती. त्यात एका संस्थेनं शाळेला संगणक दिले आणि त्यांच्याबरोबर हा उपक्रम आला: मुलांनी खुला डेटा वापरून शाळेचे रोजचे प्रश्न सोडवायचे. गणित शिकवणारीला संगणक आपोआप येतो अशी आमच्या मुख्याध्यापकांची श्रद्धा होती. झालं, पडलं माझ्या गळ्यात.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी कचेऱ्यांकडे नाना प्रकारची माहिती असते. कुठल्या रस्त्यावर कुठली झाडं आहेत, कुठल्या थांब्यावर कुठली बस थांबते, कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी येतं. पूर्वी ती कपाटात असायची आणि बघायला अर्ज लागायचा. आता त्यातली बरीच संकेतस्थळावर टाकलेली असते, कुणीही घ्यावी आणि वापरावी. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात ती रेशनच्या तांदळासारखी असते, आधी निवडत बसावं लागतं. एकच चाळ तीन स्पेलिंगांनी येते. गिरणी कधीच गेली तरी गल्ली तिच्या नावानं असते. आमच्या मुलांकडून पत्ते घ्यायला गेले तर निम्म्यांनी 'मुक्काम पोस्ट' म्हणून कोकणातलं गाव लिहून दिलं. मुंबईत जिथे राहतात तिला ती खोली म्हणतात. पत्ता म्हणजे गावचा.

आमचा पहिला प्रयोग झाडाचा. मैदानात सावली नाही आणि कवायतीला मुली चक्कर येऊन पडतात, म्हणून एक झाड लावून मागायचं ठरलं. अर्जाआधी डेटा बघावा म्हणून पोरांनी झाडांची यादी उघडली, तर आमच्या मैदानात एक बदामाचं झाड निघालं. उंची, घेर, सगळं लिहिलेलं आणि प्रकृती 'उत्तम'. पोरं बाहेर जाऊन मैदान बघून आली. वॉचमनकाका म्हणाले, "ते होय? ते पडून जमाना झाला." तरीही अर्ज केला. उत्तर आलं की नोंदीनुसार आवारात सुस्थितीतलं झाड असल्यानं नवीन रोपाची आवश्यकता दिसत नाही. झाडांच्या यादीच्या पानाच्या तळाशी एक बारीकसं बटण होतं: 'माहिती चुकीची आढळल्यास कळवा'. आमच्यात साहिल नावाचा एक उपद्व्यापी मुलगा होता. त्यानं ते बटण रोज दाबायचा नेम धरला. वर्षभर दाबलं असेल. झाडाची प्रकृती अजून उत्तमच आहे.

दुसरा प्रयोग गैरहजेरीचा. संस्थेकडून एक तरुण मार्गदर्शक यायचा, परप्रांतातला, मराठी नुकतंच शिकलेला, मोठा गोड मुलगा. आमच्या हजेरीचा आलेख बघून तो गंभीर झाला. पावसाळ्याच्या शेवटी आलेखाला असा खड्डा पडला होता की वर्गात कुणी उरलंच नव्हतं. त्यानं हळू आवाजात विचारलं, "इथे साथ आली होती का?" पोरं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायला लागली. शेवटी प्राची म्हणाली, "सर, गणपती. सगळे गावाला." त्यानं दुसऱ्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "शिमगा," प्राची म्हणाली. त्यानं दोन्ही शब्द नीट लिहून घेतले.

ही प्राची शिगवण. दहावीत होती. बोलायला कमी, पण आकड्यांत तिला गोडी. तांदूळ निवडावेत तशी ती पत्त्यांची यादी निवडत बसायची आणि इतरांसारखी दर दहा मिनिटांनी 'बाई, झालं का' विचारायची नाही. इतक्या वर्षांत अशा मुली मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मिळाल्या. तिला पुढे आकड्यांचंच काहीतरी शिकवायचं असं मी मनात धरून होते. तिचे वडील पाणी खात्यात आहेत एवढं मला माहीत होतं. तिथे नेमकं काय करतात हे विचारायची वेळ आली नव्हती.

त्या वर्षी संस्थेनं स्पर्धा ठेवली. शाळेचा रोजचा एक प्रश्न घ्या, खुल्या डेटातून त्याचं कारण शोधा आणि उपाय सुचवा. प्राचीनं प्रश्न आधीच ठरवलेला होता. "बाई, लेटचा घेऊ या."

आमची शाळा दोन सत्रांची. माध्यमिक सकाळी सातला, प्राथमिक दुपारी, इमारत एकच. त्यामुळे घंटा पुढे-मागे करायची सोय नाही. प्रार्थना सुरू झाली की गेट बंद, आणि उशिरा आलेल्यांनी पहिला तास संपेपर्यंत पायऱ्यांवर बसायचं. दहावीचा पहिला तास माझा, गणिताचा. तास बदलून पाहिला नव्हता असं नाही. पण शिक्षक कमी, वर्ग तेवढेच. गणित हलवलं तर विज्ञान पायऱ्यांवर जायचं. मुख्याध्यापकांना मी गेटबद्दल बोलले होते. ते म्हणाले, "बाई, एकदा गेट उघडं ठेवलं की आठ वाजेपर्यंत जत्रा चालू राहील." त्यांचंही खोटं नव्हतं.

त्या पायऱ्यांवर सगळ्यात जास्त बसायची ती मनाली. प्राचीच्या बाकावरची, तिची जिवाभावाची मैत्रीण. मनालीची आई परळच्या एका हॉस्पिटलात साफसफाईला, पहिल्या पाळीला. ती पाणी यायच्या आधी घराबाहेर पडायची. वडील रात्रपाळीहून आलेले नसायचे. म्हणजे पाणी भरायचं मनालीनं. पिंप, कळश्या, कॅन, सगळं भरून वर न्यायचं आणि मग शाळा गाठायची. तिचं गणित कच्चं होतं आणि गणिताच्या तासालाच ती बाहेर. आईनं मला पालकसभेत सरळ सांगितलं होतं, "बाई, पास झाली तर पुढं नर्सिंगला घालीन. नापास झाली तर माझ्याबरोबर झाडू मारायला नेते. दुसरं काय करू?" आमच्याकडे दहावीला गणित गेलं की मुलीचं शिक्षण तिथेच संपतं. या स्पर्धेत पणाला लागलेलं होतं ते हे. बक्षिसाचं मला काही पडलं नव्हतं.

पोरांनी पाण्याच्या वेळांचा तक्ता संकेतस्थळावरून उतरवला. त्यात शाळेभोवतालच्या सगळ्या पट्ट्याला पाणी भल्या पहाटे, शाळेच्या कितीतरी आधी येत होतं. मनालीनं तक्ता वाचला आणि म्हणाली, "बाई, हे कोणी लिहिलंय? आमच्याकडे येऊन बघा म्हणावं."

मग खऱ्या वेळा गोळा करायचं ठरलं. साहिलनं मोबाईलवर ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'पाणी आलं'. ज्याच्या नळाला पाणी येईल त्यानं आईच्या फोनवरून तेवढे दोन शब्द टाकायचे, वेळ फोनच नोंदवतो. कुणी बादलीचा फोटो टाकायचं. साहिलची आजी स्वतःच्या आवाजात कळवायची, "इला रे बाबा, इला." पहाटेपासून माझा फोन उशाशी किणकिणायचा. माझ्या घरी चोवीस तास पाणी, पण मी घोडपदेवच्या वेळेनं जागी व्हायला लागले.

मग नकाशा काढला. शाळेचं एक मूल म्हणजे एक ठिपका. घंटेच्या बऱ्याच आधी पाणी येतं तो हिरवा, घंटेच्या सुमारास येतं तो लाल. सगळे ठिपके लागल्यावर चित्र इतकं स्पष्ट झालं की कुणी काही बोलायची गरज नव्हती. पट्ट्याच्या एका टोकाला हिरवं, मग पिवळं, आणि मनालीच्या टोकाला लालच लाल, तिथे आमच्या शाळेची मुलं खच्चून भरलेली. गेटवर उशिरा येणारी जवळजवळ सगळी तिथलीच, आणि त्यांतही मुलीच जास्त. हिरव्या टोकाला आमच्या शाळेचा एकच ठिपका होता. प्राचीचा.

साहिल नकाशावर वाकून बघत होता. तो म्हणाला, "हिच्याकडे पहिलं पाणी येणारच ना. हिचे पप्पाच चावीवाले."

तो दुष्टपणानं बोलला नाही, त्याच्या तोंडून निघून गेलं. पण प्राचीनं पट्टी, पेन्सिल, रंग सगळं दप्तरात भरलं आणि ती निघून गेली.

चावीवाला कोण हे मुंबईतही सगळ्यांना ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं पाणी नळाला आपोआप येतं. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, त्यांच्या खाली व्हॉल्व असतात, आणि एक माणूस उंच लोखंडी चावी खांद्यावर घेऊन एकेक झाकण उघडत, एकेक चावी फिरवत जातो तेव्हा एकेका गल्लीत पाणी पोचतं. घड्याळ लावून पाणी येतं ते त्याच्या पायानं येतं. त्या पट्ट्यात ती चावी प्राचीच्या वडलांच्या खांद्यावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच शाळेत आले. बुटका, काटक माणूस, खाकी शर्ट, हाताचे तळवे घट्टे पडून काळे झालेले. खुर्चीवर बसा म्हटलं तर टेकल्यासारखे बसले.

"बाई, पोरगी रात्रभर झोपली नाय," ते म्हणाले. "मला विचारते, पप्पा, तुम्ही आपल्याला पहिलं पानी देता काय. काय सांगू तिला?"

"तिला मी समजावते," मी म्हणाले.

"तुमी कशाला? मीच सांगतो ना. आमची चौकी हाय ती आमच्या चाळीच्या पाठी. चौकीतनं चावी उचलली की पहिली चावी तीच येते. माझ्या आधीपासनं तसंच चाललंय. पयले आमी दोघं व्हतो. अर्ध्या चाव्या माझ्या, अर्ध्या जोडीदाराच्या. दोघं दोन बाजूनं निघायचो, टायमात पानी पोचायचं. तो रिटायर झाला, त्याची जागा भरली नाय. आता त्याच्या पण चाव्या मीच मारतो. आनि घाई करून चालत नाय बाई. पाइप जुने. झटक्यात खोलली तर फुटतो. हळूहळू आटे सोडायला लागतात."

मी त्यांना नकाशा दाखवला. यात कुणाचंही नाव नाही, नुसत्या वेळा आहेत, असं सांगितलं.

ते थोडं हसले. "त्या भागात चावीवाला मी एकटा. नाव लिवायला कशाला पायजे?"

 ते नकाशावर वाकले. लाल टोकावरून बोट फिरवत म्हणाले, "ही सगळी आपल्या शाळेची?" मी हो म्हटलं. त्यांनी बोट हिरव्या टोकाला आणलं. "आनि हितं हा एकच?" "ती प्राची," मी म्हणाले. त्यांनी त्या ठिपक्यावर बोट तसंच ठेवलं, मग उचललं, आणि "येतो बाई" म्हणून गेले.

मी विषय बदलायचं ठरवलं. दप्तराच्या ओझ्याचा विषय सोपा होता, त्यात कुणाच्या बापाची नोकरी अडकत नव्हती. प्राचीला बोलावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मनालीचं काय?"

"मनालीला मी जादा शिकवीन."

"आणि बाकीच्या?" तिचा आवाज चढला नव्हता. "बाई, आपल्या वेळा खोट्या आहेत का? नाहीत ना. मग काढायच्या कशाला? फक्त पप्पांना उशीर होतो एवढंच नाही दाखवायचं. दोन माणसांचं काम एक माणूस करतो हेपण दाखवायचं."

"ते खरंच आहे गं, पण त्याचा डेटा कुठून आणणार?"

तो तिनं आणला. खात्याच्या अंदाजपत्रकाच्या शेवटी, कुणी कधी उघडत नाही अशा परिशिष्टांत एक तक्ता होता: मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. चावीवाल्यांच्या ओळीत रिक्त पदांच्या रकान्यातला आकडा चांगला ठळक होता. आमच्या पट्ट्यातली ती एक जागा त्या आकड्यात कुठेतरी होती. प्राचीनं तो तक्ता नकाशाच्या शेजारी चिकटवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादी मुलगी माझ्यापुढे गेली असं मला मोजक्या वेळा वाटलं, त्यातली ही एक.

दादरच्या एका सभागृहात स्पर्धा झाली. समोर पाणी खात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून बसले होते. प्राची बोलली, मनालीनं नकाशा धरला. उपाय म्हणून त्यांनी दोन ओळी सांगितल्या: रिकामी जागा भरावी, आणि ती भरेपर्यंत शाळेची मुलं जास्त आहेत तिथे आधी पाणी द्यावं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रिक्त पदांची माहिती कुठून मिळाली, असं त्यांनी विचारलं. प्राची म्हणाली, "तुमच्याच साइटवर आहे, सर." साहेब म्हणाले, "उत्तम. याची जरूर दखल घेतली जाईल." आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. प्रशस्तिपत्र आणि प्रत्येकी एक पाण्याची बाटली.

दखल घेतली गेली. आठवड्याभरात शिगवणांना कचेरीत बोलावून चारचौघांत समज दिली गेली. लेखी काही दिलं नाही, एवढंच नशीब. प्राचीनं हे मला सांगितलं नाही, मनालीनं सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी साहेबांचा शाळेत फोन आला. आवाजात खरोखर आनंद होता. "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनींनी दाखवलेली तफावत आम्ही दूर केली. बघून घ्या." मी पोरांना घेऊन संगणक उघडला. तफावत खरंच दूर झाली होती. तक्त्यात आता प्रत्येक गल्लीची वेगळी वेळ होती. प्राचीच्या गल्लीसमोर पहाटेची वेळ. मनालीच्या गल्लीसमोर, जिथे आधी पहाटेची वेळ होती, तिथे घंटेच्या सुमाराची. पाणी होतं तिथेच होतं. तक्ता येऊन पाण्याला मिळाला होता. रिकामी जागा रिकामीच होती.

मनालीनं ते दोनदा वाचलं. "म्हणजे आता माझा लेट बरोबर झाला?" ती म्हणाली. साहिलसुद्धा हसला नाही. मी संगणक बंद केला आणि घरी गेले. मला त्या दिवशी राग आला नाही की रडू आलं नाही. नुसता थकवा आला. तो पुढे गेलाच नाही म्हटलं तरी चालेल.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी प्रार्थनेला मनाली रांगेत उभी होती. मला वाटलं, आई घरी असेल. पहाटे फोन किणकिणायचा, पण तक्ता बदलल्यापासून मी त्या वेळा बघणं सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशीही होती, आणि तिच्या मागे तिच्या गल्लीतल्या सगळ्या. पायऱ्या मोकळ्या. वॉचमनकाकांनी मला विचारलं, "बाई, पाण्याचं काय झालं काय?" मी वर्गात गेले, मनालीला तिच्या जागेवर बघून मला फार बरं वाटलं, आणि मग दिसलं की तिच्या शेजारची जागा रिकामी आहे.

तास संपल्यावर खाली गेले. पायऱ्यांवर प्राची एकटी बसली होती. गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"बरं नाही का गं?"

"बरं आहे बाई. पाणी आत्ता आलं."

"तुमच्याकडे?"

"आता आमच्याकडे शेवटची चावी."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. तिनं सांगितलं ते असं. सुट्टीत वडलांनी तिच्याकडे तो नकाशा मागून घेतला आणि घरात कॅलेंडरशेजारी भिंतीला लावला.  मग एक दिवस चौकीतून चावी उचलली आणि जवळचं झाकण सोडून चालत थेट पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, मनालीच्या. तिथून सुरुवात करून उलटे परत येत आपल्या चाळीशी थांबले. तेव्हापासून रोज तसंच. आधीपेक्षा चाल वाढली, चावीचं वजन तेवढंच.

"तू सांगितलंस त्यांना?"

"नाही. मला त्या दिवशी नळाला पाणी नाही आलं तेव्हा कळलं." ती बाह्या पिळायला लागली. "चाळीतले बोलतात पप्पांना. ह्याच्या घरात चावी आणि आमचे नळ कोरडे, म्हणतात. पप्पा ऐकून घेतात." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "बाई, एक काम होतं. ग्रुपवर कुणाला वेळ टाकू देऊ नका. साइटवर आता वेगळं आहे. कुणी ताडून बघितलं तर पप्पांना परत बोलावतील. न विचारता केलंय त्यांनी."

माहिती खुली पाहिजे, हे मी या मुलीला वर्षभर शिकवलं होतं. तिनं ते माझ्यापेक्षा चांगलं शिकून दाखवलं होतं. आता तीच म्हणत होती, झाकून ठेवा. मी हो म्हटलं.

मला काही सांगावं लागलंच नाही. साहिल वर्गाबाहेर भेटला, इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाई, 'पाणी आलं' मी उडवला. मीच बनवला होता ना." एवढं बोलून तो पळाला. दुसऱ्या दिवशी पहाटे माझा फोन गप्प होता. मी सवयीनं जागी झाले आणि पडून राहिले.

उरलेलं वर्ष प्राची पायऱ्यांवर बसली. मुख्याध्यापकांना मी सगळं सांगू शकले नाही, अर्धवट सांगितलं, आणि एका मुलीसाठी गेट उघडायला ते तयार झाले नाहीत. मधल्या सुट्टीत मी तिला गणित शिकवत होते, पण मधल्या सुट्टीचा तास तो तास नव्हे. मनाली गणितात पास झाली, अगदी काठावर. आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राचीला गणितात मला वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी मार्क पडले. हवं ते कॉलेज मिळालं नाही, मिळालं त्यात ती गेली. मला याचं फार वाईट वाटतं. ती पेढे घेऊन आली तेव्हा मीच रडले आणि तीच म्हणाली, "बाई, पेढा खा ना."

हे आता लिहायला हरकत नाही. माणसांची नावं मी बदलली आहेत आणि शिगवण निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या जागी एक कंत्राटी तरुण आला. जायच्या आधी शिगवणांनी त्याला आठवडाभर बरोबर फिरवून चाव्या दाखवल्या. पहिली चावी मनालीच्या टोकाची, शेवटची स्वतःच्या चाळीची, तशाच क्रमानं. त्याला वाटतं, हे असंच असतं.

अधूनमधून संध्याकाळी कट्ट्यावर बसून मी फोनवर ते पान उघडते. तक्ता तसाच आहे. प्राचीच्या गल्लीसमोर पहाटेची वेळ, मनालीच्या गल्लीसमोर घंटेची. दोन्ही चुकीच्या आहेत हे आता फार थोड्या लोकांना माहीत आहे. खाली ते बारीक बटण आहेच. माहिती चुकीची आढळल्यास कळवा. मी कळवलेलं नाही.